मॉरिस मायनरचा हीटर: पावसाआधीच्या कामाच्या नोंदी

गाडी मॉरिस मायनर १०००, १९५८ची, दोन दारी. ९४८ सीसीचं ए-सिरीज इंजिन, १२ व्होल्ट, बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला, चार्जिंगला डायनॅमो. डॅशबोर्डखाली स्मिथ्सचा हीटर आहे, म्हणजे पेटी आहे. आतलं सगळं गेलेलं. गाडी आधी निलगिरीत होती, तिथे तो थंडीसाठी वापरला गेला असणार. आता मुक्काम वेंगुर्ल्याला.

वेंगुर्ल्यात हीटर म्हटलं की लोक हसतात. पण इथे तो ऊब देण्यासाठी नको आहे, पुढची काच कोरडी ठेवण्यासाठी हवा आहे. जुलैत बाहेरची हवा २६ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के असली की तिचा दवबिंदू २५च्या आसपास असतो. त्यात गाडीत दोन ओली माणसं आणि एक ओली छत्री. काचेवर बाहेरून पाऊस पडत असतो, काच एखाद-दोन अंशांनी गार होते आणि आतून वाफ धरते. एसीच्या गाडीत बटण दाबून हे सुटतं. मायनरमध्ये एकतर फडका, नाहीतर हीटर. विडीचा तंबाखू आणि बटाट्याची फोड हे घाटातले जुने उपाय काचेच्या बाहेरच्या बाजूला थोडे चालतात. आतल्या वाफेवर त्यांचा उपयोग नाही.

४ मे २०२५, रविवार

पाहणी. गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी चहासारखं तांबूस. हीटरची जाणारी आणि परतीची नळी एकमेकींना पितळी सांध्याने जोडून टाकलेली, म्हणजे कोर (इंजिनाचं गरम पाणी जिच्यातून फिरतं ती पेटीतली नळ्या-पात्यांची जाळी) गळायला लागल्यावर कुणीतरी तो वगळला. तात्पुरतं ठीक आहे, पण हेडवरचा (इंजिनाच्या वरच्या भागावरचा) हीटर कॉक, म्हणजे हीटरच्या पाण्याची तोटी, उघडा राहिला तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता तसाच फिरत राहतो. इथे कॉक अर्धवट उघड्या अवस्थेत जाम होता. गाडीला तापमानाचा काटा नाही, त्यामुळे हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

थर्मोस्टॅटच्या टोपीखाली थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल, नाही. किनाऱ्यावरच्या जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा हेच सापडतं. "गरम होते म्हणून वॉल काढला" हे उत्तर ठरलेलं. मुळात गाडी गाळामुळे तापत असते. वॉल काढल्याने उन्हाळ्यात थोडं निभावतं आणि पावसाळ्यात इंजिन गरमच होत नाही. कोमट पाण्यावर कुठलाच हीटर चालणार नाही, मग कोर कितीही नवा असो.

बॅटरीची बॉडीला जाणारी वायर आधी सोडली. या गाडीत ती पॉझिटिव्ह आहे. सवयीने काळी वायर शोधून निगेटिव्ह आधी सोडायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला की ठिणगी पडते. मग पाणी काढलं. रेडिएटरच्या तोटीतून आलं, ब्लॉकच्या मागच्या टोकाच्या पितळी तोटीतून एक थेंब नाही. तोटी काढून आत जाड तार घातली तेव्हा आधी चिखल आणि मग पाणी. ए-सिरीजमध्ये गाळ मागच्या सिलिंडरभोवती साठतो, आणि हीटरचं पाणीही हेडच्या मागच्या टोकाकडूनच निघतं. हीटर गार का, याचं निम्मं उत्तर बहुधा या चिखलात असतं.

हीटरची पेटी उतरवली. कोर कळकलेला, पाती हिरवी, बोट लावलं की भुकटी. पंख्याची मोटर जाम, बेअरिंगमध्ये गंज. पेटीतून काचेकडे जाणारे डक्ट पुठ्ठ्याचे होते. उजवा ओलाव्याने लोंबलेला, डावा वाळवीने खाल्लेला.

काय बसवायचं यावर तीन पर्याय होते. बाजारात मिळणारा जीपचा हीटर: दणकट, पण शेल्फखाली मावत नाही, पत्रा कापावा लागेल. सिगरेट-लायटरच्या भोकात लावायचा १५० वॉटचा हीटर: साडेबारा अँपिअर खातो आणि काचेचा तळहाताएवढा भाग साफ करतो. तिसरा, जुनी पेटी ठेवून आत नवा कोर आणि नवा ब्लोअर. तिसराच घेतला. एक कारण सरकारी आहे: २०२१च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात असावी लागते, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. हीटरने नोंदणी अडेल असं नाही, पण नवीन भोक एकही पाडायचं नाही हे तेव्हाच ठरवलं.

१० मे, शनिवार

जुना कोर घेऊन कुडाळला. आधी डाग मारून (सोल्डरने सांधून) भागतं का ते विचारलं. रेडिएटरवाल्या काकांनी पात्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "डाग मारून देतंय, पण हो कोर आता गेलो. ह्या पावसात नाय गळलो तर फुडच्या पावसात गळतलो." नवा करायला सांगितला.

माप: सहा इंच बाय सहा इंच, जाडी दोन इंच, दोन रांगा नळ्या. तांब्याची पाती, पितळी टाक्या. अॅल्युमिनियमचा तयार कोर स्वस्त पडला असता, पण खाऱ्या हवेत आणि पितळ-तांब्याच्या बाकी सगळ्या यंत्रणेत एकट्या अॅल्युमिनियमला बळी देण्यात अर्थ नाही. शिवाय गळला तर गावात डाग मारता येत नाही.

नळीची तोंडं अर्धा इंची तांब्याच्या पाइपची, फ्रिजवाल्याकडे मिळतो तो. या पाइपचं तोंड गुळगुळीत असतं आणि गुळगुळीत तोंडावरून होज निसटतो, क्लिप कितीही आवळा. म्हणून तोंडापासून आठ मिलिमीटरवर तांब्याच्या तारेचा एक वेढा देऊन त्यावर डाग ओढून घेतला. उंचवटा मिलिमीटरभर, पण होज त्याच्यामागे अडकतो.

दोन्ही तोंडं एकाच बाजूला, एक खाली, एक वर. गरम पाणी खालून आत, वरून बाहेर. उलटं लावलं तर हवा वरच्या टाकीत अडकून बसते आणि अर्धा कोर गार राहतो.

दुकानातच चाचणी: एक तोंड रबरी बुचाने बंद, दुसऱ्याला सायकलचा पंप, कोर बादलीत. १५ पीएसआयपर्यंत नेला आणि पाच मिनिटं धरला. गाडीचं झाकण ७ पीएसआयचं, त्यामुळे दुप्पट पुरे. त्याहून वर नेलं तर चपट्या नळ्या फुगतात आणि चांगला कोर चाचणीतच जातो. खालच्या टाकीच्या कोपऱ्यातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक. पुन्हा डाग, पुन्हा बादली, मग शांत.

घरी आल्यावर कोरमध्ये गरम पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून हलवून टाकला, तीन वेळा. डाग देताना वापरलेलं तेजाब आत राहिलं तर सांधे आतून खात राहतं. हे दुकानात सहसा करत नाहीत.

११ मे, रविवार

हीटर कॉक. दोन स्टड, दोन नट, मध्ये पातळ गॅस्केट. सोमवारपासून रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल सोडत होतो. नट सोडायच्या आधी किंचित आवळून पाहायचा, कट् असा आवाज आला की मग उलटा. पहिला सुटला. दुसरा सुटतोय असं वाटलं. पाना मऊ फिरला आणि स्टड हेडच्या पातळीवर तुटला.

मऊ फिरणं हीच खूण आहे. नट सुटतो तेव्हा आधी घट्ट आणि मग एकदम सैल लागतो. स्टड पिळला जातो तेव्हा पाना लोण्यात फिरल्यासारखा फिरतो. त्या क्षणी थांबून गॅसच्या ज्योतीने तापवायला हवं होतं.

तुटक्या स्टडच्या मध्यावर पंच मारला, अडीच मिलिमीटरचं ड्रिल सरळ धरून भोक, मग साडेतीन, मग डावरं, म्हणजे उलट दिशेने कापणारं, ड्रिल. डावऱ्या ड्रिलनेच तो फिरून बाहेर आला. एक्स्ट्रॅक्टर (भोकात उलटा पिळून तुटका स्टड काढायचं हत्यार) हा शेवटचा उपाय ठेवावा, कारण तो आत तुटला तर त्याच्या पोलादावर कुठलंच साधं ड्रिल चालत नाही. नवे स्टड घालताना आट्यांना सीलंट लावलं. भोक वॉटर जॅकेटपर्यंत, म्हणजे इंजिनातल्या पाण्याच्या पोकळीपर्यंत, गेलेलं आहे असंच धरून चालायचं.

कॉकखालच्या भोकात बोट घातलं तर गंजाचे पापुद्रे. चमच्याने काढले, चहाचे दोन चमचे भरले. मग बागेची नळी तिथे फडक्याने घट्ट धरून उलट्या दिशेने पाणी मारलं, ब्लॉकची तोटी आणि खालचा होज उघडे ठेवून. वीस मिनिटांनी ब्लॉकच्या तोटीतून स्वच्छ पाणी. रेडिएटर वेगळा, तोही उलटा धुतला.

१७ मे, शनिवार

यंत्रणा रिकामी आहे तर बायपास होजही बदलला. वॉटर पंप आणि हेड यांच्यामधला दोन इंचांचा तो तुकडा ही ए-सिरीजची जुनी डोकेदुखी. सरळ नळीचा असेल तर पंप काढावा लागतो. घड्यांचा मिळतो तो दाबून आखूड करता येतो आणि जागेवर सोडला की ताणून बसतो. क्लिपा आधी त्यावर चढवून ठेवायच्या आणि स्क्रूची तोंडं अशी फिरवायची की नंतर स्क्रूड्रायव्हर पोचेल. हे विसरलं की सगळं पुन्हा.

थर्मोस्टॅट ७४ अंशांचा. ८२चा घातला असता तर हीटर आणखी कडक झाला असता, पण गाडी मेमध्येही चालवायची आहे. घालण्याआधी पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगलेला आणि शेजारी थर्मामीटर: ७५ला उघडायला लागला, ८५च्या पुढे पूर्ण. टांगूनच ठेवायचा, तळाला टेकला तर भांड्याच्या पत्र्याची उष्णता घेऊन आधीच उघडतो आणि आपण चांगला वॉल फेकून देतो. त्याच्या कडेवरची हलती पिन वरच्या बाजूला ठेवली, हवा तिथून निघते.

हीटरचे होज अर्धा इंची, ईपीडीएम या गरम पाणी सोसणाऱ्या रबराचे, दोन मीटर घेतले, दीड लागले. पेट्रोलचा किंवा बागेचा होज इथे चालत नाही, गरम पाण्याने महिन्याभरात फुगतो. परतीचा होज रेडिएटरच्या खालच्या, फाटा असलेल्या होजला.

क्लिपांबद्दल किनाऱ्यावरच्या माणसाने एक गोष्ट तपासावी. "स्टेनलेस" म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच क्लिपांचा पट्टा स्टीलचा असतो आणि स्क्रू साधा, मुलामा दिलेला. दुकानात खिशातलं चुंबक लावून पाहिलं: पट्ट्याला चिकटत नाही, स्क्रूला टक्कन चिकटतं. एका पावसाळ्यात असा स्क्रू फुगून जाम होतो आणि पुढच्या वेळी क्लिप कापावी लागते. चुंबक कुठेच न चिकटणाऱ्या आठ क्लिपा शोधायला तीन दुकानं लागली.

२१ मे, बुधवार

पेटीचा गंज घासून, प्राइमर देऊन काळा रंग मारला. काल रात्रीपासून अवकाळी पाऊस. रंग सुकताना दुधासारखा पांढुरका झाला. थिनर उडताना पत्रा गार होतो, दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं, आणि रंगात दूध उतरतं. घासून पुन्हा मारला. या वेळी फ्रिजच्या खोक्यात शंभर वॉटचा बल्ब लावून पेटी आधी कोमट केली, रंग मारून परत खोक्यात. तकतकीत आला.

२५ मे, रविवार

मान्सून आज देवगडपर्यंत आला. नेहमी ७ जून धरून आम्ही कामाची आखणी करतो. या वर्षी जवळजवळ पंधरा दिवस आधीच. शेडवर पत्रे वाजतायत, वीज जाऊन-येऊन आहे. पंख्याचं काम बॅटरीवरचंच असल्याने तेच घेतलं.

नवा ब्लोअर १२ व्होल्टचा, कायमचुंबकाचा, दोन वायरी: लाल आणि काळी. तळहातावर धरून थेट बॅटरीवर चालवला, साडेचार अँपिअर. पेटीत बसवला, काळी वायर बॉडीला, लाल स्विचकडे. पंखा फिरतोय, आवाजही व्यवस्थित, हवा मात्र रडत रडत येते.

कारण सरळ आहे, पण पहिल्यांदा सगळेच इथे अडकतात. या गाडीत बॉडी पॉझिटिव्ह आहे. काळी वायर बॉडीला लावली म्हणजे मोटरला पुरवठा उलटा, आणि कायमचुंबकाची मोटर उलटी फिरते. पिंजऱ्यासारखा ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूने ढकलतो, फक्त बरीच कमी. त्यामुळे दिशा चुकली आहे हे हाताला कळत नाही, मोजावंच लागतं. कचऱ्याची १२० लिटरची काळी पिशवी चपटी करून पेटीच्या तोंडाला धरली आणि मोबाइलवर वेळ लावली: फुगायला ११ सेकंद.

वायरी बदलल्या: लाल बॉडीला, काळी स्विचकडे. चालू करताच फ्यूज उडाला.

मल्टिमीटरने पाहिलं तर काळी वायर आणि मोटरचं धातूचं आवरण यांच्यात शून्य ओहम. या ब्लोअरमध्ये निगेटिव्ह आतूनच आवरणाला जोडलेला आहे. बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला असलेल्या गाडीत त्याने काही बिघडत नाही. इथे आवरण पेटीला, पेटी बॉडीला, बॉडी पॉझिटिव्ह: सरळ शॉर्ट. म्हणजे चुकीची जोडणी चालते आणि बरोबर जोडणी फ्यूज उडवते. असं झालं की बहुतेक जण पहिल्या जोडणीवर परत जातात आणि "हीटरला दम नाही" म्हणत बसतात.

उपाय दोन. मोटर उघडून आतला सांधा तोडणं, किंवा मोटर पेटीपासून वेगळी टांगणं. दुसरा केला: तिन्ही पायांना रबरी ग्रोमेट, बोल्टवर नायलॉनची बुशी, खाली-वर नायलॉनचे वॉशर. आवरण आणि पेटी यांच्यात आता मल्टिमीटर काहीच दाखवत नाही. कंपनाचा आवाजही कमी झाला, हा वरचा फायदा. आवरण आता निगेटिव्ह आहे, त्यामुळे त्यावर प्लॅस्टिकची टोपी चढवली. डॅशखाली हात घालताना पाना टेकायला नको. पुन्हा पिशवी: सव्वाचार सेकंद.

पुरवठा फ्यूजपेटीतल्या ए-४ या टोकावरून, हिरव्या वायरीने, म्हणजे चावी चालू असतानाच पंखा चालेल. ल्यूकस कंपनीचा तिथला फ्यूज ३५ अँपिअरला उडणारा, मोटरसाठी फारच मोठा. म्हणून पंख्याच्या वायरीत वेगळा १० अँपिअरचा.

मंद गतीसाठी एक ओहमचा, २५ वॉटचा रेझिस्टर. त्यातून ३.१ अँपिअर जातात, म्हणजे साडेनऊ वॉट उष्णता तिथेच. म्हणून तो पंख्याच्या वाऱ्यात, पेटीच्या तोंडाशी लावला. डॅशमागे बंद जागेत ठेवला असता तर शेजारच्या कापडी वेष्टणाच्या वायरी करपल्या असत्या.

डायनॅमोचा हिशेब मांडून ठेवतो. हेडलाइट ८ अँपिअर, बाजूचे आणि मागचे दिवे २, इग्निशन साडेतीन, वायपर ३, ब्लोअर साडेचार. एकूण २१. डायनॅमो पूर्ण वेगात २२ देतो आणि इंजिन निवांत चालू असताना काहीच देत नाही. फाटकापाशी थांबलं की पंखा मंद करायचा, एवढं चालवणाऱ्याने पाळलं तर अल्टरनेटर बसवायची गरज नाही.

३१ मे, शनिवार

पेटी जागेवर, होज जोडले, पत्र्यातून जातात तिथे जुन्याच भोकांत नवे ग्रोमेट. कॉकला नवं गॅस्केट. नट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने थोडे थोडे, नाहीतर पितळी पाय वाकतो.

पाणी विहिरीचं घ्यायचं नाही. किनाऱ्यालगत मेअखेरीला बऱ्याच विहिरी मचूळ होतात, आणि मीठ आतून पितळ खातं. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरलं. एकूण ५.४ लिटर मावलं, त्यात १.८ लिटर ग्लायकॉलचं कूलंट. गोठण्याचा प्रश्न इथे नाही. कूलंट हवं ते त्यातल्या गंजरोधकासाठी, आणि ते दोन वर्षांनी बदलायचं. डब्यावर तांबं, पितळ आणि डागाचा उल्लेख आहे का ते वाचून घ्यावं. रंगावर जाऊ नये; हिरवा म्हणजे अमुक असं काही राहिलेलं नाही.

हवा काढणं. परतीचा होज खालच्या होजपासून सोडून वर धरला, त्यात नरसाळ्याने पाणी ओतलं, कॉक उघडा. हेडकडून डबक डबक करत हवा निघाली, मग होज पटकन जोडला. गाडीचं नाक चढावर, रेडिएटरचं झाकण उघडं, इंजिन चालू. थर्मोस्टॅट उघडल्यावर पातळी दोन बोटं उतरली, भरली, झाकण लावलं. दोन्ही होज हाताला सारखेच गरम. एक गरम आणि एक गार असेल तर हवा अडकलेली आहे; दोन्ही गार असतील तर कॉक किंवा गाळ.

साइड-वाल्व्हच्या जुन्या मायनरवर हे करू पाहणाऱ्यांसाठी: त्या इंजिनात पाणी थर्मोसायफनवर, म्हणजे गरम पाणी आपोआप वर चढतं त्या जोरावर, फिरतं, पंपच नाही. पंप बसवल्याशिवाय तिथे हीटरचा विचार करू नये.

१ जून, रविवार

डक्ट. पुठ्ठ्याऐवजी व्हॅक्यूम क्लीनरचा लवचीक होज, दोन तुकडे. मापापेक्षा लांब ठेवायचा मोह होतो; प्रत्येक वळण हवा खातं. डावा तुकडा तब्बल एक वीत आखूड केला.

पंखा चालू करून सांध्यांजवळ उदबत्ती फिरवली. काचेवर हवा सोडणाऱ्या डाव्या फटीच्या मागे धूर बाजूला उडत होता, म्हणजे हवा डॅशच्या पोटात जात होती. फटीचं पितळी तोंड आणि होज यांच्यात फोमची पट्टी. उदबत्ती पुन्हा: धूर सरळ वर. दोन्ही फटींना मिळून पिशवी पाच सेकंदांत, म्हणजे सेकंदाला २४ लिटर हवा.

गालिचा उचलला तेव्हा खाली पाणी. पुढच्या काचेच्या रबरातून ड्रायव्हरच्या पायाशी येतंय. हीटर लावून ओला गालिचा सुकवायचा म्हणजे तेच पाणी वाफ करून काचेवर चढवायचं. रबराच्या कडेत न सुकणारं काळं सीलंट भरलं, गालिचे काढून माळ्यावर.

८ जून, रविवार

सावंतवाडी ते आंबोली, ३० किलोमीटर. दाणोलीपर्यंत रिमझिम, वर घाटात धुकं आणि कोसळता पाऊस. गाडीत तिघं, मुद्दाम ओले.

दाणोलीला पंखा बंद ठेवून काचा लावल्या. चार मिनिटांत पुढची काच पांढरी. मग पंखा पूर्ण: खालची चार बोटांची पट्टी एका मिनिटात साफ, ड्रायव्हरपुढचा भाग साडेतीन मिनिटांत, डावीकडचा सहा. आणि मग तिथेच अडकलं. वरची कडा पांढरीच.

हा हीटर बाहेरची हवा घेत नाही, गाडीतलीच फिरवतो. तिघांच्या श्वासाची आणि कपड्यांची वाफ आतच राहते. दोन्ही दारांच्या त्रिकोणी काचा बोटभर उघडल्या. थोडे शिंतोडे आले, पण दोन मिनिटांत वरची कडाही गेली. काचा पूर्ण लावून हीटर लावणं हे इथे चुकीचं, मग बाहेर कितीही पाऊस असो.

आंबोलीला, गावात थांबल्यावर मोजमाप: बाहेर २१ अंश, पेटीत शिरणारी हवा २३, फटीतून बाहेर येणारी ४७. सेकंदाला २४ लिटर हवा २४ अंशांनी तापते, म्हणजे साधारण साडेसहाशे वॉट, आणि बॅटरीवर भार फक्त पंख्याचा. २३ अंशांची ओथंबलेली हवा ४७ला नेली की तिची आर्द्रता २६ टक्क्यांवर येते. ती काचेवरचं पाणी उचलते. हेडवर इन्फ्रारेड थर्मामीटरने ७९. चढावर पूर्ण वेळ कॉक उघडा होता, इंजिन तापलं नाही.

उतरताना इंजिनावर जोर नसल्याने फटीतली हवा ३९वर आली. काच तरीही कोरडी.

१५ जून, रविवार

आठवड्याभराची तपासणी. सगळ्या क्लिपा पाव फेरा आवळल्या. नवा होज पहिल्या काही गरम-गार फेऱ्यांनंतर दबतो आणि क्लिप सैल पडते. पातळी तीच. कॉकच्या दांड्याशी ओलसर ठिपका, दांड्याभोवतीचा गळती रोखणारा नट जरा आवळल्यावर थांबला. हा कॉक महिन्यातून एकदा तरी पूर्ण बंद-उघड करायचा, अगदी मे महिन्यातही, नाहीतर पुन्हा जाम होईल.

डाव्या फटीतून अजून उजव्यापेक्षा हवा कमी. पेटीतला हवा वाटणारा पत्रा डावीकडे तीन मिलिमीटर वाकवून पाहायचा आहे, पण त्यासाठी पेटी परत उतरवावी लागेल. ते दिवाळीनंतर.